दंगा, बंड की दरोडा?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका किराणा दुकानात मला दरवर्षी वहीपूजनाचे बोलावणे असते. मी व्यापारी नाही. माझ्या सात पिढ्यांत कोणी व्यापार केला असेल तर तो दुकानातून उधारीवर माल आणण्यापुरताच. मी हायस्कुलातला निवृत्त इतिहासमास्तर. तरी पूजेच्या वेळी मालकाच्या शेजारचा पाट माझा. नवी वही उघडतात, तिच्यावर कुंकवाने 'श्री' काढतात, खाली 'शुभ-लाभ' लिहितात. दुकानाचा सगळा हिशेब आता संगणकावर असतो आणि गिऱ्हाईक पैसे देते ते मोबाइलवरून. पण पूजेला लाल कापडी बांधणीची वहीच लागते. लक्ष्मी अजून तरी संगणकावर बसायला राजी झालेली दिसत नाही.

त्या वहीच्या शेजारी एक जुना पितळी तराजू मांडलेला असतो. कोणी नवा पाहुणा त्याच्याविषयी विचारू लागला की मालक माझ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "ते सरांना विचारा. तो इतिहासाचा विषय आहे." मी दरवर्षी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. यंदा दिवाळी अंक म्हणून संपादकांनी या सदराला नेहमीपेक्षा जास्त जागा दिली आहे, तेव्हा एकदा सगळेच सांगून टाकतो.

आधी माझ्या विषयाची शाळेतली पत सांगायला हवी. गणिताच्या मास्तरांना पालक घरी चहाला बोलावतात, इंग्रजीच्या मास्तरांना लांबून नमस्कार करतात. इतिहासाच्या मास्तराला रस्त्यात गाठून विचारतात, "काय हो सर, या सनावळ्यांचा पोरांना पुढे काही उपयोग असतो का?" वेळापत्रकात इतिहासाचा तास बहुधा मधल्या सुट्टीनंतरचा, पोटात भाकरी आणि डोळ्यांवर झापड. मास्तर कमी पडले तर ड्रिलच्या मास्तरांकडेही तो सोपवतात. लढाया आहेत ना, मग झाले तर! दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची एक प्रश्नपत्रिका. ती लिहून मुले बाहेर पडतात ती सुटल्याच्या आनंदात.

आणि बहुतेकांच्या बाबतीत ते कायमचे सुटलेले असतात. जो पुढे शास्त्राकडे जातो, कॉमर्सकडे जातो, आयटीआयला जातो, त्याच्या आयुष्यातला इतिहासाचा शेवटचा तास तोच. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वर्षे गेली. डॉक्टर, वकील, फौजदार, दुकानदार, आमदार, यांच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यातला इतिहास हा चौदा-पंधराव्या वर्षी, जेवणानंतरच्या तासाला, कोणातरी मास्तराने सांगितलेला असतो. पुढे त्याच भांडवलावर ते मिरवणुका काढतात, भाषणे ठोकतात आणि एकमेकांची डोकीही फोडतात.

लोकांना वाटते की इतिहासात नवे ते काय असणार? घडले ते घडले, मास्तराने ते सांगायचे, पोरांनी पाठ करायचे. तसे असते तर बरे झाले असते. साधे शिवाजी महाराजांच्या जन्माचेच घ्या. आमच्या लहानपणी कोणी १६२७ म्हणे, कोणी १६३०. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली उजेडात आणली, तेव्हापासून दुसऱ्या तारखेची बाजू बळकट होत गेली. पंडितांचा वाद पुढे कित्येक दशके चालला आणि महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत ठरवली ती २००१ साली. आता पोराला शिकवायचे काय? तारीख, की तारीख कशावरून ठरली ते? मी उमेदीची पहिली वर्षे फक्त तारीख शिकवली. 'कशावरून' हा शब्द मला एका नववीतल्या मुलाने शिकवला, आणि त्यासाठी त्याला स्वतःची वही जाळून घ्यावी लागली.

मी १९७६ साली नोकरीला लागलो. वय तेवीस, अंगात रग आणि आवाज खणखणीत. माझा तास म्हणजे वगनाट्यच असे. अफझलखान मी उभा करावा, पानिपतावर मीच रडावे. पोरे खूश, हेडमास्तर खूश. १९७८ च्या पावसाळ्यात नववीला १८७५ च्या प्रकरणावर आलो. पुस्तकात त्याला जेमतेम चार ओळी. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, त्यांच्या वह्या आणि कर्जाची खते जाळली, सरकारने चौकशीचा आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला; असा काहीसा मजकूर.

आमच्या भागातल्या पोरांना सुपे ठाऊक असते ते शिवचरित्रातल्या पुणे-सुपे जहागिरीमुळे. आता बारामती तालुक्यात असलेल्या त्याच सुप्यात १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, भोवतालच्या खेड्यांतली माणसे जमली आणि सावकारांची दुकाने-घरे फुटली, हे मात्र फारसे कोणाच्या कानावर नसते. मला ते पाठ्यपुस्तकाच्या आधीपासून ठाऊक होते. आमचे मूळ गाव सुप्याहून चारेक कोसांवर. आजोबा रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या सांगत, "आरं, माझा आजा बंडात हुता. सावकाराच्या दारात त्येच्या चोपड्या पेटवून त्यावर हात शेकलं त्येनं." आमच्या घरात त्या गोष्टीला नाव होते 'बंड', आणि त्या बंडाचा आम्हांला मोठा अभिमान होता.

तेव्हा त्या चार ओळींचा मी पाऊण तास केला. सावकार उभा केला. कानावर बोरू, मांडीवर चोपडी, समोर उकिडवा बसलेला कुणबी. सावकाराचा मी आवाजही काढला. तो ज्या लकबीने काढला ती लकब आमच्या बाजारपेठेत सगळ्यांच्या ओळखीची होती. वर्ग पोट धरून हसला. शेवटी चोपड्यांची होळी पेटवली तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. तास संपल्याची घंटा झाली ती मला ऐकूही आली नाही.

तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसला होता. त्याचे घराणे मूळचे मारवाडातले, पण पाच पिढ्या आमच्याच भागात रुजलेले. त्याचे मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होते. बापाचे किराणा दुकान. तो हसत होता की नाही, हे मी पाहिले नाही. मास्तर रंगात आला की समोरची तोंडे त्याला दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्याला 'सावकार' म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने बाक बदलला. आणि शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, पाचसहा जणांनी त्याच्या दप्तरातून गणिताची वही काढली आणि शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, पेटवून दिली. शिपायाने धूर पाहिला म्हणून कळले. हेडमास्तरांनी पोरांना छड्या मारल्या. "हे काय खूळ शिरलं रे तुमच्या डोक्यात?" असे विचारल्यावर त्यांच्यातला एक जण निरागसपणे म्हणाला, "आम्ही आठराशे पंच्याहत्तर खेळत होतो, सर."

हेडमास्तर माझ्याकडे पाहत राहिले. मी जमिनीकडे.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. रागावून कोणी बोलले असते तर बरे वाटले असते. वडिलांनी गादीवर बसवले, चहा सांगितला आणि म्हणाले, "पोरं आहेत, सर. चालायचंच. वही नवीन घेऊ." मी माफी मागायचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात आतल्या दाराशी बसलेली त्याची आजी म्हणाली, "मास्तर, आमच्या वह्या जळायची ही दुसरी खेप."

त्या म्हाताऱ्या बाईने सांगितलेली हकिगत तिला तिच्या सासूकडून कळलेली होती. खेड्यात राहत असताना एकदा घरावर दरोडा पडला. रात्रीची वेळ, हातात मशाली, पन्नास-साठ माणसे. घरातली बायकामाणसे कोठीच्या खोलीत थरथरत बसली. "पण दागिन्याला हात लावला नाही हो कोणी. बायकांकडं वर मान करून पाहिलं नाही. सगळे कागद काढा म्हणाले. वह्या नेल्या, खतं नेली, अंगणात जाळली. आणि जाताना दुकानातला काटा तेवढा उचलून नेला. काटा कशाला नेला असेल, देव जाणे."

तो मुलगा उंबऱ्यावर बसून ऐकत होता. त्याने ही गोष्ट आधीही ऐकली असणार. पण त्या दिवशी त्याने विचारले, "सर, दरोडेखोर होते तर त्यांनी दागिने का नाही नेले?"

मी इतिहासाचा पदवीधर. मला उत्तर ठाऊक होते, म्हणजे ठाऊक आहे असे वाटत होते. ते दरोडेखोर नव्हते, शेतकरी होते. हे त्या घरात बसून म्हणण्याची माझी छाती झाली नाही. आणि त्याहून खरे सांगायचे तर, काट्याचा उल्लेख ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नव्हते. आमच्या गावच्या घरात माळ्यावर एक पितळी तराजू होता. 'बंडवाल्या आजाचा तराजू' म्हणून दसऱ्याला औतफाट्याबरोबर त्याची पूजा होत असे. नांगर, कुळव, कोयता यांच्या रांगेत तराजू काय म्हणून बसतो, हे आमच्या घरात कधी कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला गेलो आणि ग्रंथालयात ठाण मांडले. आधी १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर वाचले, मग त्या आयोगाचा अहवाल. माझे इंग्रजी बेताचे, अहवाल मात्र अवाढव्य. पण आठवडाभरात मला एवढे उमगले की, मी वर्गात जे वगनाट्य केले होते त्याचा निम्माच भाग खरा होता, आणि त्या निम्म्याचा लेखकही मी नव्हतो.

हकिगत अमेरिकेपासून सुरू होते. तिथे १८६१ साली यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीनचतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई. तो अडल्यावर हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पेढ्यांना, पेढ्यांनी तालुक्याच्या सावकारांना आणि सावकारांनी खेड्यातल्या कुळांना पैसा मोकळा सोडला. १८६५ साली युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, आणि वरून वाहणारा पैसा वरच आटला. नेमक्या याच सुमाराला, १८६७ साली, इंदापूर तालुक्यापासून जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. सारा कुठे दीडपट झाला, कुठे दुप्पट. पिकाचा भाव उतरलेला, सारा चढलेला, आणि सावकार नवे कर्ज देईनासा होऊन जुने मागू लागलेला. असा तो काळ.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाचे खत तीन वर्षेच चालेल, असे त्याने ठरवले. हेतू चांगला होता; व्याज वर्षानुवर्षे साचू नये. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार कुळाकडून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज हे नव्या खताचे मुद्दल होऊ लागले. कुळाला वाचता येत नव्हते. त्याने अंगठा उठवला, आणि तीन वर्षांनी पुन्हा उठवला. मग दिवाणी कोर्ट, हुकूमनामा, जप्ती. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुख यांचे राहते घर पाडायला लावले, तेव्हा १८७४ च्या अखेरीस गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. सुप्याच्या आधीची ठिणगी ती.

अहवालात आणखी एक गोष्ट होती. जमावाचा रोख जवळजवळ सर्वत्र कागदांवर होता. सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली तर बहुधा पुढे काही होत नसे. मारहाण झाली ती थोड्या ठिकाणी. दागिने का नेले नाहीत, याचे उत्तर मला असे मिळाले. त्या माणसांना सोने नको होते. त्यांना तो कागद नको होता, ज्याच्यावर त्यांचा अंगठा होता आणि ज्यातले अक्षरही त्यांना वाचता येत नव्हते.

पण मी खजील झालो तो पुढच्या भागाने. आयोग नेमायला मुंबई सरकार आधी राजी नव्हते. १८५७ ची आठवण ताजी असल्याने वरच्या सरकारने रेटा लावला. वाढलेल्या साऱ्यामुळे रयत चिडली का, हा आयोगापुढचा खास प्रश्न होता. पुराव्याचे ढीग जमवून आयोगाने उत्तर दिले की सरकारच्या साऱ्याकडे दोष येत नाही; दोषी सावकार. हा अहवाल १८७८ साली विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला. म्हणजे शंभर वर्षांनी वर्गात उभा राहून, मूठ आवळून, मी स्वतःला शेतकऱ्याचा वकील समजत होतो आणि बोलत मात्र होतो सरकारी वकिलाची भाषा. माझ्या नाटकात सावकार होता, कुणबी होता. साऱ्याची पावती घेऊन दाराशी उभे असलेले सरकार मी रंगमंचावर आणलेच नव्हते. पुस्तकातल्या चार ओळींत तर ते शेवटी कायदा घेऊन येते, एखाद्या देवासारखे!

सुट्टीनंतर नववीच्या वर्गावर गेलो तेव्हा फळ्यावर तीन शब्द लिहिले: दंगा, बंड, दरोडा. विचारले, "हे एकाच गोष्टीचे तीन शब्द. कोणता कोणाचा?" पोरे गप्प. मग मी सांगितले की एक माझ्या आजोबांचा आहे, एक पुस्तकाचा आहे, आणि तिसरा या वर्गातल्या एका आजीचा आहे. नाव घेतले नाही. पण खेड्यात अशी नावे घ्यावी लागत नाहीत.

मग त्या मुलाला फळ्याशी बोलावले. दुकानदाराचा पोर, व्याज त्याच्या बोटांवर. म्हटले, शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज, एक पैसा फेड नाही, तीन वर्षांनी नवे खत. करून दाखव. पहिल्या तीन वर्षांच्या शेवटी १७२ रुपये. ते झाले नवे मुद्दल. सहाव्या वर्षी २९५ रुपये साडेतेरा आणे. नवव्या वर्षी ५०८ रुपये आणि वर पुन्हा साडेतेरा आणे. खडू हातात धरून तो त्या आकड्याकडे पाहत राहिला. "सर, हे फिटणारच नाही," तो म्हणाला. वर्गात टाचणी पडली असती तरी आवाज झाला असता. त्याची वही जाळणाऱ्यांतला एक जण उठला. "मग सरकारनं सारा कमी का नाही केला, सर?" हा प्रश्न मी सांगितला नव्हता. फळ्यावरही नव्हता.

आणखी एकाने विचारले, "म्हणजे सावकार चांगले होते का?" नव्हते. कोऱ्या कागदावर अंगठे घेणारे होते, फेडीची पावती न देणारे होते, शंभर देऊन दीडशे लिहिणारे होते. हे मी त्या मुलाच्या देखत सांगितले, आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहून सांगितले. एका अन्यायाची हकिगत सांगताना दुसरा झाकायचा, ही मास्तरकी मला पुन्हा करायची नव्हती. १८७९ च्या कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाण्याची मुभा दिली होती: मूळ कर्ज किती, कधीचे, त्यात काय काय मिसळले, हे न्यायाधीशाने पाहावे. त्याआधी कागदावर लिहिले ते खरे. मला तर वाटते, हायस्कुलात इतिहास का शिकायचा याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. समोर कागद आला की त्याच्या मागे जायचे. अंगठा उठवण्याआधी विचारायचे, हे कोणी लिहिले आणि कशावरून?

इथवर मी मोठा शहाणा दिसतो. म्हणून उरलेलेही सांगतो.

तराजूविषयी मी वर्गात एक अक्षर बोललो नाही. त्या आजीला नाही, आणि तिच्या नातवालाही नाही. आमचे आजोबा हयात होते. बंडवाल्या आजाने वह्या जाळल्या, याची छाती फुगवून गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याला, 'आणि जाताना काटा उचलला' हे मी कसे विचारणार? वह्या जाळणे हे बंड. काटा उचलून घरी आणणे हे काय? तो एक तराजू आमच्या घरातला शब्द बदलून त्यांच्या घरातला करून टाकत होता. पुढे आजोबा गेले, ती आजीही गेली. मी दरवर्षी नव्या नववीला फळ्यावर तीन शब्द लिहीत राहिलो, 'कशावरून' म्हणून पोरांना टोकत राहिलो, आणि पुरावा माळ्यावर दडवून ठेवत राहिलो. तेहेतीस वर्षे! इतिहासमास्तराने करावे असे हे काम नव्हे.

२०११ साली निवृत्त झालो. त्या दिवाळीत गावी गेलो, माळ्यावरून तराजू काढला, चिंचेने घासला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि एस. टी.ने तालुक्याला आणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याच्या दुकानात गेलो. मुलगा आता सत्तेचाळीस वर्षांचा, कानशिले पिकलेला मालक. गल्ल्यावर बसवून घेतले. मी पुडके समोर ठेवले आणि जे आहे ते सगळे सांगितले.

त्याने वर्तमानपत्र सोडले. आधी काय केले असेल, तर तराजू वर धरला, पारडी स्थिर होऊ दिली आणि डोळा बारीक करून पाहिले. जातिवंत व्यापारी! मग म्हणाला, "सर, याला पासंग आहे."

खरेच, डावे पारडे केसभर खाली होते. मी इतकी वर्षे पाहिले नव्हते.

"आणि हा आमचाच, हे कशावरून?" त्याने विचारले.

मी माझ्याजवळचा पुरावा सांगितला. त्याच्या आजीने सासूकडून ऐकलेले, माझ्या आजोबांनी त्यांच्या आजाकडून ऐकलेले, गावे एकमेकांना लागून, आणि कुणब्याच्या घरात पितळी तराजू.

तो थोडा वेळ विचार करत होता. "दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, सर. शिवाय काटे काय एकाच घरातून गेले असतील?"

"बरोबर," मी म्हटले. नववीच्या उत्तरपत्रिकेला देतात तसे मनातल्या मनात गुणही दिले.

"समजा आमचाच. मग हा पासंग आमच्याकडं असतानाचा, की तुमच्याकडं आल्यावरचा?"

"त्याला कागद नाही."

"असता तर तुम्ही जाळला असता," तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही इतके हसलो की नोकर माप टाकायचे थांबून आमच्याकडे पाहू लागला.

गुरुजी येऊन बसले होते. पूजेची वेळ होत आली होती. त्याने तराजू उचलला, पाटावर वहीच्या शेजारी ठेवला, बोट कुंकवात बुडवले आणि आधी एका पारड्याला, मग दुसऱ्याला लावले. मग मला म्हणाला, "सर, पाट सरकवून घ्या. पुढं बसा."